गावात राबून ग्रामविकास शिकायचा आहे? बेळगाव, खानापूर, निपाणी भागात काम करू पाहणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

जून उजाडला, कॉलेजं सुरू झाली की हे प्रश्न येतात. मुलामुलींकडून, त्यांच्या आईवडिलांकडून, कधी एखाद्या पंचायत सदस्याकडूनही. मी समाजकार्य शिकवते आणि विद्यार्थ्यांच्या लहान तुकड्या घेऊन बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या तालुक्यांतल्या गावांत जाते. फोनवर तीच उत्तरं देताना दर वेळी काहीतरी सांगायचं राहून जातं, म्हणून इथे सविस्तर लिहिलं आहे.

सेवा प्रकल्पातून शिकायचं म्हणजे काय? श्रमदान आम्ही करतोच की.

श्रमदान चांगलंच. पण समजा, गावची जुनी विहीर गाळाने भरली आहे. पंचवीस जण उतरले, दोन दिवसांत गाळ उपसला, नारळ फोडला आणि घरी गेले. विहीर स्वच्छ झाली, शिकणं अर्ध्यावर राहिलं. नळ आल्यावर विहिरीकडे कुणी फिरकेनासं का झालं? त्यात कचरा पडायला कधीपासून सुरुवात झाली? एप्रिल-मेमध्ये नळ कोरडा पडला की कोणत्या गल्लीच्या बायका अजून तिथेच येतात? विहीर पंचायतीची की देवस्थानाची? हे विचारत विचारत गाळ काढला, तर त्याच दोन दिवसांत गाव कळायला लागतं.

आमच्या कामात तीन गोष्टी लागतातच: गावाला खरंच हवं असलेलं काम, ते पुढे चालवणारा गावातला जोडीदार आणि रोज संध्याकाळी बसून दिवसावर केलेला विचार. यातली तिसरी सगळ्यात आधी गळते. दमलेली मुलं जेवून झोपायला बघतात. मी तेव्हा हट्टाने अर्धा तास बसवते.

हे परदेशातून आलेलं नवं खूळ आहे का?

‘सर्व्हिस लर्निंग’ हा शब्द १९६० च्या दशकात अमेरिकेत रुजला, हे खरं. मात्र काम करता करता शिकण्याच्या खुणा बेळगावात चालत जाऊन पाहता येतात. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. त्यासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर आजही ‘काँग्रेस विहीर’ म्हणून ओळखली जाते. डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवा दलाचे स्वयंसेवक तिथे राबले आणि उमाबाई कुंदापूर यांनी महिला स्वयंसेविकांची फळी उभी केली. घराबाहेर पडून असं काम करण्याची त्यांतल्या कित्येकींची ती पहिलीच वेळ असणार, असं मला नेहमी वाटतं.

पुढे एप्रिल १९३७ मध्ये हुदलीला गांधी सेवा संघाचं संमेलन झालं. हुदली हे काँग्रेसचे नेते गंगाधरराव देशपांडे यांचं, खादीसाठी ओळखलं जाणारं गाव. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्ध्याच्या परिषदेत ‘नयी तालीम’ मांडली गेली. हाताला काम देऊन त्यातूनच अक्षर, गणित आणि समाज शिकवायचा, ही तिची कल्पना. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे आपली एनएसएस, सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी. माझ्या तुकडीची पहिली सहल काँग्रेस विहिरीला असते. काठावर उभं राहून पाण्याकडे बघितलं की मुलांना पुढचं फार समजावून सांगावं लागत नाही.

स्थानिक जोडीदार म्हणजे कोण? एखादी एनजीओच हवी का?

नाही. गावात आधीपासून जे चाललेलं आहे त्यातूनच जोडीदार शोधायचा. सीमाभागातल्या कोणत्याही मध्यम आकाराच्या गावात शाळेची एसडीएमसी, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समिती असते, दूध सोसायटी असते, महिला बचत गट असतात, आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडीताई असतात, तालीम किंवा युवक मंडळ असतं, भजनी मंडळ असतं. ग्रामपंचायतीच्या वाचनालयाला आता ‘अरिवू केंद्र’ म्हणतात. तिथली ग्रंथपाल व्यक्ती गावातल्या मुलांना नावानिशी ओळखते. भजनी मंडळाकडे बहुतेक संस्था दुर्लक्ष करतात. पण वारीची दिंडी नेणारी माणसं शंभर-दीडशे लोकांचा मुक्काम, शिधा आणि हिशेब बिनबोभाट सांभाळतात. संघटन म्हणजे काय, हे त्यांच्याकडून शिकावं.

जोडीदार निवडताना मी एकच गोष्ट बघते. आम्ही निघून गेल्यावर हे काम कुणाच्या अंगणात राहणार आहे? ज्याच्या अंगणात राहणार, त्याच्याशी आधी बोलायचं. सरपंच, म्हणजे इकडच्या भाषेत पंचायतीचे अध्यक्ष, आणि पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, यांना सगळं रीतसर कळवायचं, परवानगी घ्यायची. पण पीडीओंची बदली होते, अध्यक्ष बदलतात. आठवड्याला पन्नास रुपये जमा करून वही लिहिणारा दहा बायकांचा गट मात्र तिथेच असतो.

जोडीदार मिळालाच नाही तर?

तर प्रकल्प सुरू करू नका. त्या गावात पाहुणे म्हणून जा, बसा, ऐका.

कामाचा विषय कोण ठरवतं?

गाव ठरवतं. पण ‘तुमच्या समस्या काय?’ असा प्रश्न टाकला की रस्ता, गटार, पाणी, लाईट ही पाठ झालेली यादी हातात येते. गाड्यांतून उतरणाऱ्या प्रत्येकाला लोक ती देत आलेले असतात.

आम्ही आधी शिवारफेरी करतो. गावच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिथल्याच दोघा-तिघांबरोबर चालायचं आणि वाटेत दिसेल ते विचारायचं. मग देवळासमोर किंवा शाळेच्या पटांगणात रांगोळीने गावाचा नकाशा. खडू-रांगोळी बायकांच्या हातात द्यायची आणि मुलांनी मागे उभं राहायचं. बायका आधी काय काढतात ते बघा. एका गावात त्यांनी पंचायतीची कचेरी काढलीच नाही. पाणंद, दळणाची गिरणी आणि ओढ्यावरची धुण्याची जागा मात्र बारकाव्यांसकट काढली.

त्याच गावात आम्ही शौचालयाच्या जागृतीचा कार्यक्रम मनात धरून गेलो होतो. नकाशाभोवती बसलेल्या एका काकींनी सरळ सांगितलं, “नळाला पाणी येतंय की. पण आम्ही भांगलायला गेल्यावर येतंय. घरात कोण हाय धरायला?” आमचा कार्यक्रम तिथेच संपला आणि खरं काम सुरू झालं. तीन आठवडे मुलांनी प्रत्येक गल्लीत पाणी कधी येतं, किती वेळ टिकतं, धार कशी असते याची नोंद केली. वॉटरमनबरोबर सकाळी फिरून व्हॉल्व्ह कुठे कुठे आहेत ते पाहिलं. वॉटरमन बिचारा सगळ्यांच्या शिव्या खाणारा माणूस. त्याची अडचण विचारणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. विजेची वेळ आणि टाकी भरायला लागणारे तास त्याने मांडून दाखवले, तेव्हा कोडं सुटलं. वॉर्ड सभेत तो तक्ता बचत गटातल्या बायकांनी वाचला. दोन गल्ल्यांची वेळ बदलली. तिसरी गल्ली उंचावर आहे. तिथे वेळ बदलून उपयोग नव्हता, वेगळी पाईप हवी होती. ती मागणी ठरावात गेली आणि आम्ही असेपर्यंत ठरावातच राहिली.

गावकऱ्यांच्या सह्या घेतल्या, बैठकीला पन्नास जण आले. सहभाग झाला ना?

१९६९ मध्ये, म्हणजे एनएसएस सुरू झाली त्याच वर्षी, शेरी आर्नस्टीन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सगळ्यात खाली लोकांना नुसतं वळवून घेणं, मधल्या पायऱ्यांवर माहिती देणं, मत विचारणं, मनधरणी करणं आणि वरच्या पायऱ्यांवर भागीदारी, सोपवलेला अधिकार, शेवटी लोकांचाच ताबा. आपल्याकडच्या बहुतेक बैठका तिसऱ्या-चौथ्या पायरीवर थांबतात. पन्नास जण आले हे ठीक. निर्णयावर ‘नको’ म्हणायची मुभा किती जणांना होती, ते तपासा.

मराठी येतं, कन्नड येत नाही. चालेल का?

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या अनेक गावांत रोजचं बोलणं मराठीतून होईल. कागद मात्र कन्नडमध्ये असतील. पंचायतीची नोटीस, ठराव, जमिनीची पहाणी म्हणजे इकडचा सातबारा, नाडकचेरीतले म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतले दाखले, सगळं. अनेक मराठी घरांतल्या आज्यांना आणि आयांना हे कागद वाचता येत नाहीत. त्या नातवाला हाक मारतात, नातू घरी नसला तर कागद फळीवर पडून राहतो. कित्येक अर्जांची मुदत तिथेच संपते.

म्हणून प्रत्येक गटात कन्नड नीट वाचणारा एक जण असावाच लागतो. मराठी शाळेत शिकलेल्या इथल्या मुलांना कन्नड वाचता येतं. ते आपल्याला येतं हेच ती कित्येकदा सांगत नाहीत. ते आता कामी आणा. आम्ही दर प्रकल्पात दोन भाषांतला एक कागद करतो. डाव्या बाजूला कन्नड, उजव्या बाजूला सोप्या मराठीत अर्थ. काही शब्द ओळखीचे वाटतात आणि फसवतात. ‘कामगारी’ म्हणजे मजूर नव्हे, सरकारी काम किंवा बांधकाम. ‘फलानुभवी’ म्हणजे लाभार्थी. ‘जमाबंदी’ ऐकून महाराष्ट्रातून आलेल्या मुलांना शेतसारा आठवतो. इथे ग्रामपंचायतीच्या वर्षभराच्या कामांची आणि हिशेबाची लोकांसमोर होणारी तपासणी असा तिचा अर्थ आहे. जमाबंदीच्या दिवशी जरूर हजर राहा. वर्गातल्या दहा तासांपेक्षा तिथे जास्त कळतं.

कन्नड अंक मात्र पहिल्या आठवड्यातच शिका. एक ते दहा, बस. मीटर, तारीख आणि रक्कम वाचता आली की निम्मी भीती जाते.

सीमाप्रश्नावर कुणी विचारलं तर काय बोलायचं?

१ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली तेव्हापासूनची ही जखम आहे. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. इथल्या मराठी माणसाच्या मनात तो विषय रोज असतो आणि मी तो क्षुल्लक मानत नाही. आपल्या भाषेतून शिकण्याचा आणि आपल्या भाषेत कागद मागण्याचा हक्क महत्त्वाचाच आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं घटनेच्या कलम ३५०-अ मध्येच लिहिलेलं आहे.

पण गटार तुंबलं की ते मराठी आणि कन्नड दोन्ही घरांसमोर तुंबतं. गावात तुमचं मत विचारलं तर प्रामाणिकपणे सांगा, वाद घालू नका. प्रकल्पाच्या बैठकीत दोन्ही भाषांची माणसं बसतील अशी व्यवस्था करा. एखाद्या गल्लीला वगळून केलेलं काम मला मान्य नाही, मग ती गल्ली कोणत्याही भाषेची असो.

कोणत्या महिन्यात यावं?

शेतीचं वेळापत्रक आधी बघा. एकाच जिल्ह्यात पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीचा धो धो पाऊस आणि पूर्वेला अथणीकडे कोरडं रान, त्यामुळे एकच तारीख सगळीकडे लागू होत नाही. भाताच्या पट्ट्यात जुलैत रोप लावण चालते, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सुगी. या दिवसांत बैठक बोलावली तर म्हातारी माणसं आणि तुम्ही, एवढेच उरता. बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत रताळी काढणीला आली की घरात कुणी सापडत नाही. निपाणीकडे तंबाखू आणि ऊस, चिक्कोडी-रायबागला ऊसतोड. गावची यात्रा असेल तर तिच्या आधीचे पंधरा दिवस आणि नंतरचे आठ दिवस सोडून द्या. सौंदत्तीच्या यल्लम्माला मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला अख्ख्या गाड्या भरून लोक जातात, तेही लक्षात ठेवा.

गणपती झाल्यावरचे आणि सुगी सुरू होण्याआधीचे दिवस बरे. किंवा सुगीनंतर जानेवारी-फेब्रुवारी.

सात दिवसांचं शिबिर पुरेसं नाही का?

ओळख व्हायला पुरेसं आहे. एनएसएसमध्ये दोन वर्षांत २४० तासांचं नियमित काम आणि सात दिवसांचं विशेष शिबिर असतं. माझी सूचना अशी की शिबिर आणि नियमित तास एकाच गावात करा. दर शनिवारी गेलात तर चौथ्या शनिवारी लोक खरं बोलायला लागतात. पहिल्या दिवशी “कोण लोक तुम्ही? कशाला आलासा?” म्हणणारे आजोबा तेव्हा “बसा की, च्या घ्या” म्हणतात.

प्रत्यक्षात कोणती कामं असतात? नमुन्यादाखल सांगा.

पाणी तपासणी हे मला सुरुवातीसाठी फार आवडतं काम. जलजीवन मिशनमध्ये दर गावातल्या पाच बायकांना पाणी तपासण्याच्या संचाचं प्रशिक्षण द्यायचं धोरण आहे. संच पुष्कळदा पंचायतीच्या कपाटात बंद असतो. मुलांनी त्या बायकांना शोधायचं, संच बाहेर काढायला लावायचं आणि त्यांच्याबरोबर गावातली प्रत्येक विहीर, बोअर, नळ तपासायचा. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं. फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालतं. जंतू बघण्याची छोटी बाटली भरून एक-दोन दिवस उबदार जागी ठेवायची. पाणी काळं पडलं तर दूषित. कोणता आकडा वाईट, हे मुलांना आधीपासून ठाऊक असतं. तो आकडा गावाला सांगायचा कसा, ते इथे शिकायला मिळतं. ज्यांच्या परसातल्या विहिरीची बाटली काळी पडली, त्या घरी आधी एकटं जाऊन सांगायचं. चारचौघांत जाहीर केलं तर ते घर कायमचं तुटतं. ही चूक एकदा माझ्या देखत झाली आहे आणि मी वेळेवर थांबवली नाही, याची मला आजही खंत आहे.

पहाणी वाचन हे दुसरं. वारसाची नोंद न झालेले उतारे गावोगावी आहेत. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी जमीन त्यांच्याच नावावर, मग पीककर्ज अडतं, नुकसानभरपाईही अडते. विद्यार्थ्यांनी अर्ज भरून द्यायचे नाहीत. अर्ज कसा भरायचा, कोणते कागद लागतात, हे युवक मंडळातल्या चौघांना शिकवायचं आणि पहिल्या दोन खेपांना नाडकचेरीपर्यंत सोबत जायचं.

बळ्ळारी नाल्याकाठच्या शेतकऱ्यांबरोबर पुराच्या पातळीच्या खुणा नोंदवणं, वडगाव-शहापूरच्या विणकरांच्या मालाचा खर्च आणि भाव यांचा हिशेब त्यांच्याबरोबर मांडणं, निपाणीत बिडी कामगार बायकांना ओळखपत्र आणि भविष्यनिर्वाह निधीचे कागद नीट लावून देणं, अशीही कामं होऊ शकतात.

जंगलातल्या वस्त्यांवर जाता येईल का?

जाता येईल, पण हौसेने नको. खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. वनखात्याची परवानगी लागते आणि अस्वलांचा वावर असल्याने वस्तीतल्या माणसाशिवाय पाऊल टाकायचं नाही. म्हादईचा उगम याच डोंगरांत, मलप्रभेचा कणकुंबीला. नद्यांच्या पाण्यावरून बाहेर एवढं बोललं जातं, पण पावसाळ्यात आजारी माणसाला झोळीत घालून ओढा ओलांडणाऱ्या वस्त्यांबद्दल कमी.

इथलं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे ऐकून लिहून घेणं. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार, अनुसूचित जमातीच्या यादीत नसलेल्या कुटुंबांना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथला रहिवास दाखवावा लागतो. पाऊणशे वर्षांपूर्वीचा कागद गवळीवाड्यातल्या माणसाने आणायचा कुठून? पण नियमांत पुराव्याच्या यादीत वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदनही आहे. देवाची जागा, जुनं गोठ्याचं जोतं, आजोबांनी लावलेला आंबा, थडगी, पाणवठे यांची नोंद करता येते. ऐंशीच्या पुढच्या आजींजवळ बसून ‘तुमच्या सासूबाई कुठल्या, लग्न होऊन आल्यावर दूध कुठल्या बाजाराला जायचं, नंदगडला की आणखी कुठे’ असं विचारत गेलं की वर्षं उलगडत जातात. मुलांनी ते मराठीत लिहायचं, वाचून दाखवायचं, दुरुस्त करायचं आणि मग कन्नडमध्ये उतरवायचं. दावा करायचा की नाही, हे ग्रामसभा आणि ती कुटुंबं ठरवतील. खोटी आशा देऊ नका. पुनर्वसन हवं की इथेच राहायचं, याबद्दल एकाच वस्तीत दोन मतं असतात, तिथे कुणाची बाजू घेऊ नका.

पूर आला की लगेच मदतीला धावावं का?

२००५, २०१९, २०२१. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठच्या गावांना ही वर्षं विसरता येत नाहीत. पहिल्या चार दिवसांत बचावाचं काम प्रशिक्षित माणसांचं असतं, आपण गर्दी वाढवतो. २०१९ मध्ये रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते आणि आत घरांत सुकं जळण नव्हतं. आमची गरज तिसऱ्या आठवड्यापासून असते. बातम्या थांबतात तेव्हा भिजलेली रेशनकार्डं, बँकेची पासबुकं आणि दाखले वाळवून त्यांची यादी करणं, पंचनाम्यात कोण सुटलं ते घरोघर बघणं, शाळेच्या खोल्यांतला चिखल काढणं, ही कामं महिनोन् महिने चालतात.

जातीचा प्रश्न येतो का?

येतो. ‘आमच्या गावात तसं काही नाही’ असं ऐकलं की जास्त लक्ष द्या. बैठक देवळात ठेवली तर कोण पायरीखाली उभं राहतं, चहाचे कप कुठे ठेवले जातात, गावकुसाबाहेरच्या वस्तीत शिवारफेरी गेली की वाटाड्या का थांबतो, हे बघा आणि लिहा. आमच्या तुकडीचा नियम साधा आहे: पहिल्या आठवड्यात प्रत्येक वस्तीत एकदा तरी पाणी प्यायचं आणि जेवायला बसायचं. बैठका शाळेत किंवा अरिवू केंद्रात.

या जिल्ह्याने याबाबत देशाला दाखवावं असं एक काम केलं आहे. देवदासी म्हणून वाहण्यावर बंदी घालणारा कायदा कर्नाटकात १९८२ मध्ये झाला. कायद्याने प्रथा लगेच थांबली नाही. गोकाक तालुक्यातल्या घटप्रभेत माजी देवदासी महिलांनी मिळून १९९७ मध्ये ‘मास’ ही स्वतःची संस्था उभी केली. मायराडासारख्या अनुभवी संस्थेचा आधार होता, पण निर्णय त्या बायकांचे. संस्थेच्या प्रमुख सीतव्वा जोडट्टी स्वतः त्या प्रथेतून बाहेर पडलेल्या. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. जोडीदार कसा असावा आणि बाहेरच्याने कधी बाजूला व्हावं, याचं मला माहीत असलेलं हे सगळ्यात चांगलं उदाहरण आहे.

मुलगी गावात राहणार, सुरक्षिततेचं काय?

मुली बचत गटातल्या घरी दोघी-दोघी राहतात, ते घर मी स्वतः आधी बघून येते. संध्याकाळी सातनंतर एकटं कुठे जायचं नाही, हा नियम मुलग्यांनाही आहे. आईवडिलांनी पहिल्या रविवारी यावं, घरच्या काकींना भेटावं. त्यानंतर सहसा फोन येत नाहीत.

खर्च किती?

गावाकडून पैसे घेत नाही, गावात वाटतही नाही. शिधा आणि जेवणाचे पैसे स्वयंपाक करणाऱ्या गटाला रोख देतो. बाहेरून डबा मागवत नाही.

फोटो, रील्स काढता येतील?

विचारून. लहान मुलांचे फोटो पालकांच्या संमतीशिवाय नकोत; २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती आवश्यक धरली आहे. मदत घेतानाचा हात, रडणारा चेहरा, फाटका सदरा टिपू नका. माणूस काम करत असताना टिपा आणि छापलेली एक प्रत त्यांना द्या. भिंतीवर लावलेला तो फोटो पुढच्या तुकडीची ओळख करून देतो.

प्रकल्प फसला तर गुण जातात का?

नाही. का फसला हे लिहिता आलं नाही तर जातात.

एका गावात आम्ही मोठ्या उत्साहाने मुलांसाठी वाचनकोपरा केला. पुस्तकं बेळगावातून गोळा केली, कपाट रंगवलं, उद्घाटन केलं. चार महिन्यांनी गेलो तर कपाटाला कुलूप. किल्ली शिक्षकांकडे, कारण पुस्तकं हरवली तर विचारणा त्यांना होणार. किल्ली कुणाकडे राहील, पुस्तक फाटलं तर चालेल का, सुट्टीत कोण उघडणार, हे आम्ही एसडीएमसीला विचारलंच नव्हतं. पुस्तकं आम्ही निवडली, जागा आम्ही निवडली, मग जबाबदारी त्यांची कशी व्हावी? दोष माझा होता. पुढच्या वर्षी पाचवी ते सातवीच्या मुलांनीच नोंदवही धरली. हरवलेल्या पुस्तकांचा हिशेब मागणार नाही, असं लेखी दिल्यावर शिक्षकांनी किल्ली खिळ्याला टांगली. काही पुस्तकं गेली. कपाट उघडं राहिलं.

रोजनिशीत काय लिहायचं? ‘खूप शिकायला मिळालं’ लिहिलं तर सर गुण कापतात.

बरोबर करतात. रोज तीन गोष्टी लिहा: आज कोण काय म्हणालं, त्यांच्याच शब्दांत, माझा कोणता अंदाज चुकला, आणि उद्या हे कुणाला विचारू. एका मुलाने लिहिलं होतं, ‘मला वाटलं बायका बैठकीला येत नाहीत कारण त्यांना रस नाही. आज कळलं, बैठकीची वेळ म्हैस पिळायची वेळ आहे.’ दोन ओळी. मी त्या पानावर पूर्ण गुण दिले.

काम संपल्यावर पुन्हा जायचं का?

शेवटच्या बैठकीत सगळे तक्ते, नकाशे आणि वह्या जोडीदाराच्या हाती द्या, कॉलेजसाठी झेरॉक्स ठेवा. मूळ प्रत गावाची. पुढचा आकडा कोण लिहिणार, त्याचं किंवा तिचं नाव बैठकीतच ठरवा. सहा महिन्यांच्या आत एक वॉर्ड सभा होते. तिची तारीख कळवायला सांगा आणि जा. मागच्या बाकावर बसा, बोलू नका. यात्रेचं आवतण आलं तर तेही चुकवू नका. जेवून झालं की काकींना वही मागा आणि शेवटच्या पानावरचं अक्षर कुणाचं आहे ते बघा.